मोमीनचा विसावा

शिकलेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात: बसायला टेबल आणि मिरवायला शोध. अलीम मोमीनला टेबल काकासाहेबांनी दिलं होतं आणि शोध त्याने स्वतः लावला होता. निदान एकोणपन्नास सालच्या हिवाळ्यापर्यंत त्याची तशी समजूत होती.

काकासाहेबांचा नगरच्या माळीवाड्यापलीकडे मलमांचा आणि चिकटपट्ट्यांचा लहानसा कारखाना होता. लढाई संपल्यावर छावणीत लष्कराच्या उरल्यासुरल्या मालाचा लिलाव झाला. लोकांनी तंबू घेतले, घमेली घेतली, जीपची चाकं घेतली. काकासाहेबांनी काय घ्यावं, तर पत्र्याचे सीलबंद डबे, ज्यांवर व्हायनिल ईथर असं लिहिलेलं होतं. "नाव भारदस्त आहे, कशाला तरी उपयोगी पडेल," असं म्हणून त्यांनी ते बैलगाडीत घातले. मग उपयोग शोधायला माणूस हवा म्हणून त्यांनी अलीमला ठेवलं. अलीमचे वडील मागावर लुगडी विणायचे. पोरगा मात्र पुण्याहून रसायनशास्त्राची एम.एस्सी. होऊन आला होता आणि मोमीनांच्या गल्लीत त्याला 'सायन्सवाला' म्हणत. त्याला ते आवडायचं, पण आवडत नाही असं तो दाखवायचा.

हे ईथर पाण्यासारखं पातळ असतं. त्याचे कण सुटे, एकमेकांशी घेणंदेणं नसलेले. पण त्यात आम्लाचा थेंब पडला की आम्ल एका कणाला डिवचतं. डिवचलेला कण शेजाऱ्याला धरतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि बघता बघता हजारोंची साखळी होते. द्रव तापतो, दाट होतो, मधासारखा आणि मग डिंकासारखा चिकट होतो. चिकटपट्टीला हवा तसा. गंमत अशी की ही साखळी आपली आपण थांबायला राजी नसते. मध्ये काही परकं आलं, पाणी आलं, तरच ती तुटते. आणि क्षार असेल तर ती सुरूच होत नाही, कारण क्षार आम्लालाच खाऊन टाकतो. म्हणूनच तर त्या लष्करी डब्यांत माल टिकावा म्हणून चिमूटभर क्षार घातलेला होता. ईथर आधी ऊर्ध्वपातन करून त्या क्षारापासून वेगळं काढायचं, मग प्रयोग करायचा, हे अलीमला पक्कं ठाऊक होतं. क्षाराचं नाव काढलं असतं तर तो झोपेतसुद्धा दचकला असता. लक्षात ठेवा हे.

साखळी किती वेगाने वाढते हे तो पाऱ्यावरून मोजायचा. जाड काचेच्या नळीत ईथर, त्यात थर्मामीटर, आणि वरून बारीक तोटीतून पाण्याऐवजी कोरड्या द्रावकात विरळ केलेल्या गंधकाम्लाचे थेंब, एकामागून एक, सारख्या अंतराने. पारा जितक्या झपाट्याने चढेल तितका साखळीचा वेग. यात त्याला एक नवलाची गोष्ट सापडली. सुरुवातीचे थेंब पडले तरी पारा ढिम्म. काहीच नाही. मग कुठल्यातरी एका थेंबाला पारा उसळी मारून वर. प्रत्येक नळीत असंच. या सुरुवातीच्या ढिम्मपणाला त्याने 'विसावा' असं नाव दिलं. आम्ल जास्त कडक घेतलं तर विसावा तोकडा, सौम्य घेतलं तर लांब.

बाहेरच्या देशांतल्या ज्या थोड्या नियतकालिकांत हा विषय आला होता, त्यांत विसाव्याचा उल्लेख नव्हता. अलीमने त्यावरून एक सिद्धांत रचला: आम्लाचा एकटा कण साखळी सुरू करू शकत नाही, अनेक कण आधी गोळा व्हावे लागतात, त्यांचा जमाव झाला की मगच पहिला दुवा जुळतो. दिसायला सुरेख सिद्धांत होता. त्याने तो कागदावर उतरवून पुण्याच्या डॉ. लेल्यांकडे पाठवला. लेले म्हातारे, करडे, आणि अख्ख्या मुंबई इलाख्यात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांना पटलं तर त्यांच्या प्रयोगशाळेत जागा, आणि पुढे काय काय. अलीमच्या मनात ते सगळं घडून गेलेलंच होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

लेल्यांचं उत्तर आलं. त्यांनी एकच शंका काढली होती: सुरुवातीचे थेंब दुसरंच काही खात नाही ना? अलीमला राग आला. त्याने उलट टपाली कळवलं की ईथर शुद्ध आहे आणि नळ्या ठणठणीत कोरड्या आणि स्वच्छ असतात, त्याबद्दल तो स्वतः हमी देतो. लेल्यांनी लिहिलं, मग मी येऊन पाहतो.

नळ्यांची हमी अलीम कशाच्या जोरावर देत होता? लंकाबाईच्या.

लंकाबाई पाथर्डीकडची. नवरा बेलापूरकडे ऊस तोडायला जायचा आणि ही नगरला येऊन भिंगारच्या कडेला एका खोलीत राहायची. कारखान्यात बाटल्या आणि नळ्या घासायचं काम तिच्याकडे होतं. पहिल्याच दिवशी अलीमने तिला बजावलं होतं, "बाई, नळीत पाण्याचा थेंब राहिला तर माझा प्रयोग मेला. पाणी म्हणजे या कामाचं विष."

"थेंब ऱ्हानार न्हाई, सायेब," ती म्हणाली होती, आणि राहिलाही नाही. नळ्या आरशासारख्या यायच्या. तो त्या स्पिरिटने एकदा खळबळायचा, वाळवायचा आणि वापरायचा. ती कशी घासते हे त्याने कधी विचारलं नाही. ती कारखान्याच्या मागच्या पडवीत घासायची आणि पडवीत जायला त्याला वेळ नव्हता.

मग तो दिवस आला. विलायतेहून मागवलेला एक काचेचा स्तंभ होता, अलीमचा जीव की प्राण. तो लंकाबाईच्या हातात तडकला. काच आधीपासून चिरलेली असेल, कोण जाणे. अलीमने सगळ्या कामगारांसमोर विचारलं, "हात आहेत का खुरपी? उद्यापासून येऊ नकोस." तिने पदराने हात पुसले, आपला पत्र्याचा छोटा डबा पडवीतल्या कोनाड्यात तसाच ठेवला आणि गेली.

नळ्या धुण्याचं काम काकासाहेबांनी भट्टीवरच्या गहिनीनाथाला दिलं. त्याने विहिरीचं बादलीभर पाणी घेऊन नळ्या धुतल्या, भट्टीच्या काठावर ठेवून कडकडीत वाळवल्या. अलीमने ईथर भरलं, तोटी उघडली. पहिला थेंब पडला आणि पारा उसळला. नळीचं बूच उडून छताला लागलं.

विसावा नाही.

दुसरी नळी. पहिलाच थेंब, आणि पारा वर. तिसरी, तेच. अलीमने ईथर पुन्हा ऊर्ध्वपातन करून काढलं. आम्ल नवं केलं. गहिनीनाथावर ओरडला, थंडीवर ओरडला, शेवटी थर्मामीटरवरही संशय घेऊन झाला. नाचता येईना अंगण वाकडं. लेले येत्या रविवारी दौंडकडून येणाऱ्या गाडीने उतरणार होते, आणि त्यांना दाखवायचा विसावा कुठे परागंदा झाला होता देव जाणे.

बदलला होता फक्त एक माणूस. हे ध्यानात यायला त्याला लाज वाटण्याइतका वेळ लागला, आणि आल्यावरही त्याला वाटलं ते एवढंच, की गहिनीनाथ नळ्या नीट धूत नाही. शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर तो भिंगारला गेला.

लंकाबाई खोलीबाहेर उकिडवी बसून भांडी घासत होती. अलीम थोडा अलीकडे थबकला, कारण माफी कशी मागावी याची जुळवाजुळव चालली होती. तिच्या समोर चुलीतल्या राखेचा ढीग. ती राख चिमटीने घ्यायची, पितळीवर चोळायची, हात गोल गोल फिरवायची, आणि मग जुन्या धडुत्याने पितळी पुसून पालथी घालायची. पाण्याचा तांब्या जवळपास नव्हताच.

"पाणी नाही लावत?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

ती गडबडून उठली, डोक्यावर पदर घेतला. "सायेब, तुमी? हितं?" मग त्याच्या प्रश्नाचं तिला हसू आलं. "आमच्याकडं भांड्यांस्नी कुठलं पानी? पियाला मिळालं तरी लई. राखंनं घासायचं नि पुसायचं. माझ्या आयनं बी असंच केलं."

"आणि कारखान्यातल्या नळ्या?"

"त्या बी तश्याच की. काडीला चिंधी गुंडाळायची नि आत राख फिरवायची. तुमीच म्हनला हुता, पानी म्हंजे विष. मी म्हनलं, बरं झालं, आपल्या हातचंच काम निगालं."

राख म्हणजे काय हे शाळेतलं पोर सांगेल. राख म्हणजे क्षार. नळीच्या आतल्या अंगाला तिच्या चिंधीने राखेचा एक न दिसणारा हात फिरत होता, दर नळीत तितकाच, कारण तिचा हात सारखा होता. स्पिरिटने तो क्षार विरघळत नाही. पहिले थेंब जमाव करत नव्हते, काही करत नव्हते. ते राखेशी झटापट करून मरत होते. राख संपली की पुढचा थेंब मोकळा, आणि साखळी सुरू. एकटा कण पुरेसा होता. जगातल्या बाकी सगळ्यांना तो पुरत होता. लेल्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, आणि अलीमने फणकाऱ्याने हमी दिली होती.

तो ओट्यावर बसला. कानाच्या पाळ्यांपर्यंत तापला होता. लंकाबाईला वाटलं, साहेबाला स्तंभाच्या दिवसाचं वाईट वाटतंय. तिने गुळाचा चहा केला, पितळीतच दिला, आणि समोर बसून म्हणाली, "तुमी सोता चालत आलात, माझं सम्दं भरून पावलं. काच माझ्याच हातनं फुटली हुती. तुमी बोललात त्येचं मला काय न्हाई."

हीच वेळ होती. इथे सांगितलं असतं तर एका माणसासमोर लाज गेली असती, तीही अशा बाईसमोर, जिला यातलं काही कळलं नसतं. अलीमने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "रविवारी पुण्याचे पाहुणे येणार आहेत. ये."

"येते की. नळ्या कश्या घासू? आधीवानीच?"

"अगदी आधीसारख्याच," अलीम म्हणाला.

बघा, इथवर तो फक्त मूर्ख होता. मूर्खपणाला माफी आहे. त्या दोन शब्दांनी तो लबाड झाला, आणि हे त्याला उठता उठताच कळलं. भिंगारहून परतताना तो टांग्यात बसला नाही. टांग्यात बसलेल्या माणसाचं तोंड सगळ्यांना दिसतं, असं त्याला वाटलं.

रविवारी लेले आले. धोतर, काळा कोट, हातात छत्री. काकासाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, हार घालायला गेले तर लेल्यांनी तो टेबलावर ठेवला. लंकाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दाराशी उभी होती. टेबलावर नळ्या चमकत होत्या. अलीम त्यांच्याकडे पाहत नव्हता.

त्याने तोटी उघडली. थेंब पडला, पारा ढिम्म. आणखी एक, ढिम्म. लेले पुढे झुकले. थेंब पडत राहिले, आणि मग पारा उसळला. दुसऱ्या नळीत तसंच, आणि तिसऱ्यातही. काकासाहेबांनी टाळी वाजवली. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण पाहुण्यांचा चेहरा बदलला एवढं त्यांनी पाहिलं होतं.

लेल्यांनी चष्मा काढून पुसला. "मोमीन," ते म्हणाले, "मी तुम्हाला पत्रातून जरा तिरकस शंका विचारली होती. ती मी मागे घेतो. म्हाताऱ्या माणसाला आपल्याला न दिसलेलं दुसऱ्याला दिसलं की आधी खोटंच वाटतं."

शिव्या दिल्या असत्या तर अलीमने सोसल्या असत्या. पण हा करडा माणूस आपली खरी शंका त्याच्या खोट्यापुढे मागे घेत होता, वर स्वतःला दोष देत होता. अलीमला सांगून टाकावं असं वाटलं, पण पुरतं सांगायची छाती होईना, म्हणून त्याने अर्धंच सांगितलं, "सर, हे सगळं या लंकाबाईमुळे झालं."

सगळे हसले. काकासाहेब म्हणाले, "पाहा, माणूस किती मोठ्या मनाचा!" लेलेसुद्धा हसले आणि दाराकडे वळून म्हणाले, "असं? काय करता हो बाई तुम्ही?"

लंकाबाईचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाने तिला तिच्या कामाबद्दल विचारलं होतं. "दावते की," ती म्हणाली, आणि पडवीतल्या कोनाड्यातून आपला पत्र्याचा डबा घेऊन आली. ती झाकण काढणार इतक्यात अलीम ओरडला, "तुला कुणी विचारलंय? ठेव तो डबा! चहा आण जा!"

ती जागच्या जागी थिजली. डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि मान खाली घालून गेली.

लेल्यांनी हळूच विचारलं, "का ओरडलात तिच्यावर?"

अलीमच्या कानात त्याचा स्वतःचाच आवाज घुमत होता. हात आहेत का खुरपी म्हणाला होता तोच आवाज. दोन्ही वेळा त्याने आपल्या लाडक्या गोष्टीपायी तिला शब्दांनी मारलं होतं. मग त्याने तो डबा उचलला, झाकण काढलं आणि लेल्यांपुढे ठेवला. "सर, हा माझा विसावा."

लेल्यांनी बोटाने राख उचलली, जिभेला लावली. फार वेळ गेला नाही. "कोरडीच घासते?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

लेल्यांनी मान हलवली. टेबलावरचे अलीमचे कागद त्यांनी नीट जुळवले आणि त्याच्या हातात दिले. "पहिली चूक शास्त्रात बसते, मोमीन. माझ्याही झाल्यात. परवाची आणि आजची बसत नाही." मग ते काकासाहेबांकडे वळले आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. काकासाहेबांचं तोंड इतकं उतरलं होतं, की त्यांना आपल्याच गावच्या गाडीची वेळ आठवेना.

नेमकी त्याच वेळी लंकाबाई चहा घेऊन आत आली. तिने पाहिलं: तिचा डबा पाहुण्यांपुढे उघडा, पाहुण्यांच्या बोटाला राख, सायबाची मान खाली, मालकांचा चेहरा काळवंडलेला. तिने तबक खाली ठेवलं आणि लेल्यांच्या पायांशी वाकली.

"माझं चुकलं, बाबा. राखंनं इटाळ झाला असंल तुमच्या औशिदाला. सायबांस्नी ठावं नव्हतं. त्यांच्यावर राग धरू नगा."

"तुझं काही चुकलं नाही," अलीम म्हणाला. "ऐक, तुझं काहीच चुकलं नाही. चूक माझी आहे. खोटं मी बोललो."

"व्हय, सायेब," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. अंगावर घेऊन आपल्याला वाचवतोय बिचारा, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं. खरं बोलायला तो शेवटी उभा राहिला, तर तेही तिने त्याची मेहेरबानीच मानली. आता याहून जास्त लाज माणसाला कशाने वाटायची?

लेले गेले. पुण्याची जागा गेली. काकासाहेबांनी अलीमला काढलं नाही, चिकटपट्ट्या तर करायच्याच होत्या, आणि साफ धुतलेल्या नळीत पहिल्या थेंबाला डिंक होतोच. पण लंकाबाई दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. आठवडा उलटल्यावर अलीम तिचा डबा घेऊन भिंगारला गेला. काय सांगायचं ते त्याने वाटेत पाठ केलं होतं.

ती ओट्याखाली भांडीच घासत होती. शेजारी मोठी कळशी भरलेली. छावणीपलीकडच्या विहिरीवरून आणलेली, चढावरून, डोक्यावर. ती पितळीवर ओंजळ ओंजळ पाणी ओतत होती, आणि ते पाणी मातीत वाहून जात होतं. चुलीतली राख एका बाजूला फेकून दिलेली दिसत होती.

अलीमने डबा खाली ठेवला. "लंकाबाई, राख माझ्या नळीत वाईट होती. फक्त माझ्या नळीत. तुमच्या घरात राखेने काही बिघडत नाही. तुमच्या आईने केलं ते बरोबरच होतं. मी एवढंच सांगायला आलोय."

तिने ऐकून घेतलं. तो बसायला आला म्हणून पदराने ओटा झटकला.

"व्हय, सायेब," ती म्हणाली. "पर आता मी पान्यानंच धुते. तुमास्नी पुन्यांदा कुनाम्होरं खाली बगाया नगं."

आणि तिने कळशी कलती करून आणखी एक ओंजळ ओतली.